फास्ट लोकल, फास्ट कलर आणि सुरतेची फॅक्टरी

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. इंग्रजी शब्दकोशात एकाच शब्दापुढे दहा-वीस अर्थ दिलेले असतात, ते आले कुठून? नवा अर्थ आला तरी जुना पूर्णपणे जात का नाही? आणि दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा इंग्रजी मजकूर हाती आला, तर त्यातल्या शब्दाचा कोणता अर्थ धरायचा? ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली पत्रं, करारनामे, निवाडे असे जुने इंग्रजी कागद मराठीत आणणं हे माझं काम आहे, त्यामुळे तिसरा प्रश्न माझ्या रोजच्या जगण्यातला आहे. पण पहिल्या दोन प्रश्नांची उकल झाल्याशिवाय तो सुटत नाही.

शब्दाचा अर्थ बदलायचं कुणी ठरवत नाही. इंग्रजीला तर फ्रेंचसारखी भाषेवर देखरेख करणारी अकादमीही नाही. बोलणाऱ्याला आपण काही नवं करतोय याची जाणीवसुद्धा नसते. तो ऐकलेल्या अर्थाच्या अगदी जवळपासचंच काहीतरी बोलतो आणि त्या वाक्यापुरतं ते समोरच्याला कळतं. असं चार-पाचशे वर्षं चालत राहिलं की सुरुवातीचा अर्थ आणि आजचा अर्थ शेजारी ठेवल्यावर त्यांचं काही नातं असेल यावर विश्वास बसत नाही. ते नातं शोधायचं तर मधल्या पायऱ्या सापडाव्या लागतात.

'फास्ट' या शब्दाच्या पायऱ्या आपल्याला सहज दिसण्यासारख्या आहेत, कारण त्याचे तीन मुख्य अर्थ आपल्याकडेच वापरात आहेत. चर्चगेटहून फास्ट लोकल सुटते. कापडाच्या दुकानात साडी उलगडून दाखवताना दुकानदार सांगतो, 'कलर फास्ट आहे, धुतल्यावर जाणार नाही.' आणि इंग्रजी वर्तमानपत्रं आमरण उपोषणाला 'फास्ट अनटू डेथ' म्हणतात. एक पळणारी गाडी, एक जागचा न हलणारा रंग आणि एक अन्नत्याग. पहिले दोन तर एकमेकांच्या उलटच वाटतात.

यातला सगळ्यांत जुना अर्थ दुकानदाराच्या तोंडी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द घट्ट, पक्का, न हलणारा या अर्थाने येतो. बटण लावणं, पट्टा आवळणं यासाठीचं 'फासन' हे क्रियापद त्यातूनच आलं. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला, यातही तोच पक्केपणा आहे. उपवासाचा अर्थ या घट्टपणातूनच निघाला: घट्ट धरणं, मग नियम घट्ट धरणं, मग व्रत पाळणं, आणि शेवटी त्या व्रतातला मुख्य भाग म्हणजे न जेवणं. आपणही उपास 'धरतो' आणि 'सोडतो', त्यामुळे मराठी माणसाला ही पायरी फारशी समजावून सांगावी लागत नाही. सकाळच्या खाण्याला 'ब्रेकफास्ट' म्हणतात ते रात्रभराचा उपास मोडला म्हणून.

वेगाचा अर्थ दुसऱ्या वाटेने आला, आणि ती वाट क्रियाविशेषणातून जाते. एखादी गोष्ट 'फास्ट' करायची म्हणजे आधी घट्टपणे करायची. घट्ट धरायचं तर जोर लावावा लागतो. मग 'फास्ट' लढणं म्हणजे जोर लावून, नेटाने लढणं. हाच शब्द धावण्याला जोडला की काय होतं बघा. जोर लावून धावणारा माणूस वेगानेच धावतो. ऐकणाऱ्याला त्या वाक्यात 'जोराने' घेतलं काय आणि 'वेगाने' घेतलं काय, फरक पडत नाही. साधारण तेराशे सालाच्या सुमारास वेगाचा अर्थ स्थिरावला आणि सोळाव्या शतकात 'फास्ट' हे वेगवान या अर्थाचं विशेषणही झालं. हे परकं वाटत असेल तर आपलं 'जोरात' आठवा. 'गाडी जोरात चालली होती' म्हणताना आपल्याला ताकद अभिप्रेत नसते, वेग असतो.

माझ्या मते अर्थबदलाची सगळी किल्ली अशा वाक्यांत आहे, जिथे जुना आणि नवा दोन्ही अर्थ सारखेच चपखल बसतात. मी त्यांना पुलाची वाक्यं म्हणतो. लहान मूल किंवा परगावचा माणूस ते वाक्य ऐकतो आणि त्यातून नवा अर्थच उचलतो, कारण जुना त्याने कधी ऐकलेलाच नसतो. नंतर तो तो शब्द अशा ठिकाणी वापरतो जिथे फक्त नवाच अर्थ लागू पडेल. तिथे बदल पक्का झाला.

पण शब्द पुलाच्या पलीकडे नव्या अर्थाला गेला, तरी अलीकडे राहिलेला जुना अर्थ नाहीसा होतोच असं नाही. हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. जुना अर्थ एखाद्या धंद्यात, धर्मात, कायद्यात किंवा ठरून गेलेल्या शब्दजोडीत टिकून राहतो. रंगाऱ्याला आणि कापडवाल्याला 'पक्का' या अर्थाचा शब्द रोज लागतो, म्हणून त्यांनी तो जपला. म्हणून शब्दकोशातले अर्थ वाचताना एकामागून एक गादीवर आलेल्या राजांची यादी समोर आणू नये. त्यातले बरेचसे एकाच वेळी, वेगवेगळ्या लोकांच्या तोंडी नांदत असतात.

आता बदलाचं दुसरं कारण. शब्दाला शेजारी असतात आणि शेजाऱ्यामुळे जागा कमी-जास्त होते. जुन्या इंग्रजीत 'मीट' म्हणजे कोणतंही अन्न. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, देव माणसाला बी धरणारी वनस्पती आणि फळझाडं देतो आणि म्हणतो की ही तुम्हांला 'मीट' होतील. आजच्या अर्थाने वाचलं तर या वाक्याचा काही ताळमेळच लागणार नाही. हळूहळू अन्नासाठी 'फूड' रूढ झाला आणि 'मीट' मांसापुरता उरला. जुना अर्थ 'स्वीटमीट' या शब्दात अजून शाबूत आहे, आणि मिठाईसाठी तो भारतीय इंग्रजीत आजही लिहिला जातो.

'डिअर'चंही तसंच. तो एके काळी कुठलाही प्राणी होता. जर्मनमधला त्याचा भाऊ 'टिअर' अजूनही प्राणीच आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये 'माइस अँड रॅट्स अँड सच स्मॉल डिअर' असं येतं, म्हणजे उंदीर, घुशी आणि तसलेच बारके जीव. फ्रेंचमधून 'बीस्ट' आणि लॅटिनमधून 'ॲनिमल' आल्यावर 'डिअर'कडे फक्त शिकारीचं हरीण राहिलं. आपल्या 'मृग' शब्दाचा प्रवास हुबेहूब हाच आहे. संस्कृतात मृग म्हणजे रानातलं कोणतंही जनावर, म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार मृगया. मराठीत मृग म्हटलं की हरीणच. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि बदलाची चाल एकच. शिकारी माणसांना जो प्राणी सगळ्यांत महत्त्वाचा, त्याने सगळ्या प्राण्यांचं नाव घेतलं.

याला आपल्याकडे अर्थसंकोच म्हणतात. उलट चालीला अर्थविस्तार, घसरणीला अर्थापकर्ष, बढतीला अर्थोत्कर्ष. परीक्षेसाठी ही नावं ठीक आहेत, पण ती बदलाचा निकाल सांगतात, कारण सांगत नाहीत. एखादा शब्द आकुंचन पावला हे कळून फार हाती लागत नाही. त्याच्या शेजारी कोण येऊन बसलं हे कळलं की गोष्ट उलगडते.

माझ्या कामात सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा शब्द 'फॅक्टरी' आहे. इतिहासाच्या इंग्रजी साधनांत तो पदोपदी भेटतो. १६१३ मध्ये इंग्रजांची सुरतेला फॅक्टरी झाली. राजापूरलाही फॅक्टरी होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी तिचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याला कैद केलं, कारण आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तिथल्या इंग्रजांचा प्रमुख जॉर्ज ऑक्झिंडेन आणि त्याचे लोक आपली फॅक्टरी लढवत आत बसून राहिले. या एकाही फॅक्टरीत काही तयार होत नव्हतं. तिथे माल खरेदी व्हायचा, साठवला जायचा, गाठी बांधल्या जायच्या आणि जहाजांवर चढवला जायचा. कंपनीची माणसं राहायचीही तिथेच.

मग असं नाव का? मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ करणे. त्यातून 'फॅक्टर' म्हणजे करणारा, विशेषतः दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा, म्हणजे व्यापारी मुनीम किंवा अडत्या. हे फॅक्टर जिथे राहतात आणि काम करतात ती फॅक्टरी. पोर्तुगीज आपल्या ठाण्यांना 'फेइतोरिया' म्हणत, तेही त्याच मुळाचं. म्हणजे शब्द 'करणाऱ्या माणसा'वरून 'त्याच्या जागे'वर गेला. माल तयार करण्याची जागा हा अर्थ इंग्लंडात सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसतो, पण तेव्हा तो दुय्यम होता. पाण्यावर आणि पुढे वाफेवर चालणारी यंत्रं आली, शेकडो माणसं एका छपराखाली कामाला लागली आणि त्या जागेला नाव हवं होतं, तेव्हा हा दुय्यम अर्थ मोठा झाला. त्याच सुमारास परदेशातली व्यापारी ठाणी एक तर राज्याचा भाग झाली किंवा बंद पडली. जुन्या अर्थाची वस्तूच जगातून गेली, मग त्या अर्थाला कोण धरून ठेवणार? १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्या कायद्यातली फॅक्टरी आणि ऑक्झिंडेनची फॅक्टरी, दोन्हींचं स्पेलिंग एकच आहे.

मराठीत आणताना इथे पेच दुहेरी होतो. १६६४ च्या कागदातल्या फॅक्टरीला 'कारखाना' म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धुरांडं उभं राहतं. शिवाय 'कारखाना' हा शब्द त्या काळी मराठीत होताच, पण निराळ्या अर्थाने. शिवशाहीतले अठरा कारखाने म्हणजे राजाच्या पदरची खाती, त्यांत जवाहीरखाना आहे, पीलखाना आहे, जिरातखाना आहे. म्हणून इतिहासकारांनी पहिल्यापासून 'वखार' शब्द वापरला आणि तो अगदी नेमका आहे. पण आता 'वखार'सुद्धा सरकली आहे. आजच्या मुलाला वखार म्हणजे लाकडाची किंवा कोळशाची वखार माहीत. 'इंग्रजांची वखार' वाचून त्याला ओंडके दिसत असतील तर त्याचा दोष नाही. फॅक्टरी, कारखाना, वखार हे तिन्ही शब्द साडेतीनशे वर्षांत आपापल्या जागेवरून हलले, प्रत्येक वेगळ्या दिशेने. शालेय पुस्तकांत वखारीचा अर्थ एका ओळीत सांगितला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्या एका ओळीअभावी कंपनी इथे नेमकं काय करत होती हेच मुलांना कळत नाही.

कंपनीच्या कागदांत असे ओळखीचे चेहरे पुष्कळ भेटतात. 'इन्व्हेस्टमेंट' म्हणजे शेअर किंवा ठेवी मुळीच नव्हेत, तर युरोपला पाठवण्यासाठी त्या वर्षी खरेदी केलेला माल. 'रायटर' म्हणजे लेखक नव्हे, कंपनीच्या नोकरीतली सगळ्यांत खालची पायरी, नक्कलनविशी आणि हिशेब करणारा पोरसवदा कारकून. तो पुढे फॅक्टर व्हायचा, मग मर्चंट. कोलकात्याची 'रायटर्स बिल्डिंग' या कारकुनांसाठी बांधलेली. महाराष्ट्रात हा अर्थ अजून जिवंत आहे, कुठल्याही पोलीस ठाण्यात जाऊन बघा. तपासाचे कागद लिहून ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला तिथे 'रायटर'च म्हणतात. इंग्लंडात जवळजवळ मेलेला अर्थ आपल्याकडे गणवेशात बसून काम करतोय.

'स्टेशन'चीही तीच कथा. मूळ अर्थ उभं राहण्याची जागा, त्यातून नेमून दिलेली जागा, त्यातून अधिकारी किंवा फौज जिथे नेमलेली असते ते ठाणं. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली, त्याच्याही आधी महाबळेश्वर 'हिल स्टेशन' झालेलं होतं. त्या नावाचा रेल्वेशी संबंध नाही. सरकारी नोकर रजेच्या अर्जात 'स्टेशन' सोडण्याची परवानगी मागतात तेव्हाही ते हेच जुनं स्टेशन असतं.

एक सावधगिरी मात्र हवी. शब्दकोशात एका स्पेलिंगखाली दोन उलटे अर्थ दिसले की ते एकाच शब्दाचे असतील असं धरून चालू नये. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर आतलं पान उघडून राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती वाचा. धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावं, असं तिथे छापलेलं आहे. 'लेट' म्हणजे तर जाऊ देणं. मग 'लेट'शिवाय जाऊ द्या, हे काय? हा 'लेट' निराळा. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एकाचा अर्थ मोकळं सोडणं आणि दुसऱ्याचा अडवणं. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकसारखी झाली. 'हॅम्लेट'मध्ये नायक म्हणतो की मला जो 'लेट' करेल त्याचं मी भूत करीन, तिथे अडवण्याचाच अर्थ आहे. उलटे अर्थ असलेले दोन शब्द एकाच आवाजात सहसा फार काळ राहत नाहीत, कारण रोजच्या बोलण्यात घोटाळा होतो. त्यामुळे अडवणारा 'लेट' मागे पडला आणि कायद्याच्या शब्दजोडीत तेवढा उरला. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून आत पडला की 'लेट' देतात, तोही हाच, अडथळ्याचा.

'नाइस' हा शब्द अर्थबदलाच्या प्रत्येक लेखात येतो, म्हणून त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. लॅटिनमध्ये 'न जाणणारा', तिथून फ्रेंचमार्गे तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्रजीत 'मूर्ख', मग चैनी, मग नखरेल, मग चोखंदळ, मग बारकाईचा, सूक्ष्म, आणि अठराव्या शतकात 'छान'. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'त एक पात्र या शब्दाच्या सरसकट वापराची टर उडवतं, म्हणजे तोवर तो पार गुळगुळीत झाला होता. मला यातला सूक्ष्मतेचा अर्थ महत्त्वाचा वाटतो, कारण तो निवाड्यांत अजून येतो. न्यायाधीश 'अ नाइस पॉइंट ऑफ लॉ' म्हणतात तेव्हा मुद्दा छान नसतो, नाजूक आणि बारीक असतो, थोडक्या फरकाने कुठेही झुकू शकेल असा. आणि सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मजकुरात 'नाइस' आला तर कित्येकदा दोन-तीन अर्थांतला कुठला हे शेवटपर्यंत ठरत नाही. तिथे एकच अर्थ छातीठोकपणे लिहिणाऱ्या भाषांतराबद्दल मी साशंक असतो.

माणसाच्या स्वभावामुळे होणारे बदल मला फार आवडतात. जुन्या इंग्रजीत 'सून' म्हणजे ताबडतोब. 'अनॉन' म्हणजेही ताबडतोब. नंतर आलेला 'प्रेझेंटली' म्हणजेही ताबडतोब. तिघांचा अर्थ पुढे 'थोड्या वेळाने' असा झाला. कारण उघड आहे. माणसं 'ताबडतोब करतो' म्हणतात आणि थोड्या वेळाने करतात, आणि ऐकणारा शब्दापेक्षा अनुभवावरून अर्थ लावतो. 'आत्ता येतो', 'आलोच' यांचं आपण काय केलंय ते पाहिलं की पटेल. 'प्रेझेंटली'ने तर भाषांतरकाराची परीक्षाच घेतली आहे. १६७० च्या सुमाराच्या हुकमात तो बहुतेक 'तत्काळ' असतो. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत 'जरा वेळाने'. आणि आजच्या भारतीय कार्यालयीन पत्रात 'सध्या'. हा तिसरा अर्थ कुणी नव्याने काढलेला नाही, तोही पंधराव्या शतकापासून आहे. इंग्लंडात तो मागे पडला, स्कॉटलंडात आणि अमेरिकेत चालू राहिला.

कधी माणूस जातो आणि त्याचं पद यंत्राला मिळतं. 'कॉम्प्युटर' सतराव्या शतकात आकडेमोड करणारा माणूस होता. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८३१ मध्ये राधानाथ सिकदार कॉम्प्युटर म्हणून रुजू झाले आणि पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. एव्हरेस्टच्या उंचीच्या गणिताशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. काम यंत्रं करू लागली तेव्हा नवा शब्द शोधायची गरजच पडली नाही, नाव जागेवर होतंच. 'प्रिंटर' बघा, आधी माणूस, आता टेबलावरचा डबा.

आता हे सगळं इतक्या खात्रीने सांगता येतं ते कशामुळे, हेही सांगायला हवं, कारण यामागे प्रचंड कष्ट आहेत. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये ठरवलं की प्रत्येक इंग्रजी शब्दाचं चरित्र लिहायचं. १८७९ पासून जेम्स मरे संपादक झाले. हजारो स्वयंसेवक जुनी पुस्तकं वाचत आणि शब्द जिथे सापडेल ते वाक्य, सालासकट, एका चिठ्ठीवर उतरवून पाठवत. मरे आणि त्यांचे सहकारी त्या चिठ्ठ्या सालाप्रमाणे लावत आणि मग अर्थ कुठे वळला ते पाहत. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच वारले होते. हाच ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्यात अर्थांचा क्रम कालानुसार असतो, आधी जुना, मग नवा. हे ठाऊक नसलेला वाचक पहिलाच अर्थ उचलतो आणि फसतो, कारण आपल्या शाळेतल्या कोशांत पहिला अर्थ सगळ्यांत चालू असलेला असतो. त्या मोठ्या कोशाच्या नव्या आवृत्तीत 'रन' या एका क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ वेगळे काढले आहेत. पळणं हे त्यांतलं एक.

इथे एका समजुतीला माझा ठाम विरोध नोंदवतो. शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा आणि बाकीचे भ्रष्ट, असं बरेच सुशिक्षित लोक मानतात. मग आपण 'राग' शब्दाचं काय करणार? संस्कृतात त्याचा अर्थ रंग आणि प्रेम. मराठीत राग आला म्हणजे संतापच आला, आणि तो अर्थ शंभर टक्के खरा आहे. शब्दाचा अर्थ त्या काळात, त्या लोकांत जो चालतो तो. म्हणून १६६४ ची फॅक्टरी वखार आहे आणि १८८१ ची कारखाना, आणि यांत कमी खरं असं कुठलंच नाही.

तर तिसरा प्रश्न. जुना मजकूर वाचताना मी अनोळखी शब्दांना घाबरत नाही. ते समोर आले की माणूस आपोआप कोश उघडतो. भीती ओळखीच्या शब्दांची, कारण तिथे कोश उघडावासाच वाटत नाही. 'वाँट' हा त्यातला सगळ्यांत साधा दिसणारा. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून तो इंग्रजीत आला तो 'कमी असणे, उणीव असणे' या अर्थाने. उणीव आहे म्हणून गरज आहे, गरज आहे म्हणून हवं आहे, अशा पायऱ्यांनी 'इच्छा असणे' हा अर्थ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वर आला. त्यामुळे १६७० च्या पत्रात कुणी लिहिलं की आम्हांला माणसं 'वाँट' आहेत, तर ती मागणी नसून आधी तक्रार असते: माणसं कमी आहेत. तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ १६११ च्या बायबलमध्ये 'द लॉर्ड इज माय शेफर्ड. आय शॅल नॉट वाँट' अशी आहे. मराठी बायबलमध्ये 'मला काही उणे पडणार नाही' असं आहे, आणि ते अगदी बरोबर आहे. कोर्टात 'फॉर वाँट ऑफ एव्हिडन्स' म्हणजे पुराव्याअभावी, तिथेही जुना अर्थ कायम. 'डिस्कव्हर' तसाच. जुन्या पत्रात कट 'डिस्कव्हर' केला म्हणजे शोधला असं नाही, कित्येकदा उघड केला, सांगून टाकला. दिवाणी दाव्यात एका पक्षाने दुसऱ्याला कागदपत्रं उघड करायला लावणं याला आजही 'डिस्कव्हरी' म्हणतात.

माझी पद्धत साधी आहे. वाक्य आजच्या अर्थाने वाचायचं आणि कुठे जरासं खडखडलं की थांबायचं. 'प्रेझेंटली'पुढे तातडीचा हुकूम असेल, 'फॅक्टरी'त माणसं राहत असतील, देव पालेभाजीला 'मीट' म्हणत असेल, तर खडखडाट हाच पुरावा. मग मोठ्या कोशात त्या सालाच्या आगेमागे वीस-तीस वर्षांतली उदाहरणं बघायची. शक्य तर त्याच लेखकाचे दुसरे कागद काढायचे, कारण माणूस आपला शब्द सहसा एकाच अर्थाने वापरतो. मराठी प्रतिशब्दासाठी मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतो, १८५७ ची दुसरी आवृत्ती. त्या काळी मराठी शब्द काय अर्थाने चालत होता ते त्यात कळतं. फक्त एक लक्षात ठेवावं लागतं: मोल्सवर्थची इंग्रजीही १८५७ ची आहे, त्यामुळे त्याने दिलेला इंग्रजी अर्थसुद्धा त्या काळाच्या नजरेने वाचावा लागतो.

आणि सालाइतकंच लिहिणाऱ्याचं ठिकाण बघा. इंग्लंडात आणि भारतात कागद 'टेबल' करणं म्हणजे तो सभागृहापुढे मांडणं. आपल्या विधिमंडळात 'पटलावर ठेवणे' म्हणतात ते हेच. अमेरिकेत ठराव 'टेबल' करणं म्हणजे तो बाजूला ठेवणं, चर्चा लांबणीवर टाकणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या संयुक्त बैठकीत एका कागदावरून यामुळेच बराच वेळ वाद झाला, असं चर्चिल यांनी नोंदवून ठेवलं आहे. दोन्ही बाजूंना कागद ताबडतोब चर्चेला घ्यायचाच होता. तेव्हा तुमच्या हातातला कागद मुंबईचा आहे की बोस्टनचा हे तारखेच्या शेजारी आधी लिहून ठेवा, मग भाषांतराला बसा.